'फाइल इन यूज' अशी पाटी आली तर: डिलीट न होणारी फाइल काढण्याचा योग्य क्रम

फाइल निवडली, डिलीट दाबलं आणि पाटी आली: 'फाइल इन यूज'. यानंतर बहुतेक जण 'ट्राय अगेन' दहा वेळा दाबतात. तेवढ्यानं भागलं नाही की पॉवरचं बटण दाबून धरतात आणि कॉम्प्युटर बंद पाडतात. शेवटी इंटरनेटवर सापडेल ते 'अनलॉकर' (अडलेली फाइल सोडवून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर) उतरवून चालवतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी बरीचशी या शेवटच्या दोन उपायांनी बिघडलेली असतात, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे. मजकूर विंडोज १० आणि ११ साठी आहे. बटणांची आणि आदेशांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा तो सोबत अटीही घालतो: दुसऱ्या कुणाला ही फाइल वाचू द्यायची का, तिच्यात लिहू द्यायचं का, ती पुसू द्यायची का. 'पुसू देऊ नका' अशी अट असेल, तर तो प्रोग्राम फाइल सोडेपर्यंत विंडोज ती कुणालाही पुसू देत नाही. वर्ड फाइल धरून ठेवतं. नोटपॅड ती वाचून लगेच सोडून देतं, म्हणून नोटपॅडमध्ये डोळ्यांसमोर उघडी असलेली फाइलसुद्धा डिलीट होते. तेव्हा खरं काम जोर लावण्याचं नाही. फाइल कुणी धरली आहे ते शोधायचं आणि त्याला ती सोडायला लावायची.

## तयारी: पाच मिनिटं, पण टाळू नका

१. फाइल तुमची आहे का ते ठरवा. तुम्ही बनवलेली, उतरवलेली किंवा कॉपी केलेली असेल तर पुढे जा. 'सी' ड्राइव्हच्या 'विंडोज' फोल्डरमधली असेल तर थांबा. 'पेजफाइल', 'स्वॅपफाइल' आणि 'हायबरफिल' या मोठ्या फाइली जागा खातात म्हणून लोक त्यांच्या मागे लागतात, पण त्या विंडोजच्या रोजच्या वापरातल्या आहेत. 'हायबरफिल' नकोच असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' हा आदेश द्या, ती आपोआप जाते. त्याबरोबर हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतात, हे लक्षात असू द्या. 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर हातानं काढायचा नसतो. तो सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेनं जाऊन काढा.

२. उघडी कामं सेव्ह करा. पुढे एखादा प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करावा लागला, तर सेव्ह न केलेलं काम परत मिळत नाही.

३. फोल्डरमध्ये कामाचं काही अडकलेलं नाही ना, ते उघडून बघा. शंका आली तर दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. फाइल धरलेली असली तरी बहुतेक वेळा तिची कॉपी निघते.

४. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाइली आणि फाइलींची एक्स्टेन्शनं दिसतील असं करा.

सावधान: पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट पुसली जाते. कमांड प्रॉम्प्टमधून पुसलेलीचंही तेच.

## टप्पा १: पाटीवरचं वाक्य शेवटपर्यंत वाचा

लोक इथेच चुकतात. फाइल डिलीट झाली नाही की सगळ्याच पाट्या सारख्या वाटतात, पण प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

- 'ओपन इन' आणि पुढे प्रोग्रामचं नाव: धरणारा सापडला, तो बंद करा. 'ओपन इन अनदर प्रोग्राम' असेल तर धरणारा शोधावा लागेल.
- 'ओपन इन सिस्टम': बहुधा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीननं फाइल उघडली आहे, किंवा एखाद्या ड्रायव्हरनं (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामनं) धरली आहे. तुमच्या मशीनवर कितीही खिडक्या बंद केल्या तरी ती सुटणार नाही.
- 'अ‍ॅक्सेस डिनाइड' किंवा 'यू नीड परमिशन': हा सहसा परवानगीचा प्रश्न असतो.
- 'कुड नॉट फाइंड धिस आयटम': फाइल समोर दिसते आणि विंडोज ती नाहीच म्हणते. दोष बहुधा नावात असतो.
- 'सोर्स पाथ टू लाँग': पत्ता फार लांब झाला आहे.

शेवटच्या तीन पाट्यांसाठी खाली वेगळा भाग आहे. त्यांच्यासाठी टप्पा २ ते ६ करत बसू नका, वेळ वाया जाईल. पाटीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबली की तो निघतो.

## टप्पा २: स्वतः उघडलेलं आधी बंद करा

उघडं असलेलं सगळं बंद करा. एवढ्यावर सुटणारी प्रकरणं खूप असतात, पण 'बंद केलं' म्हणजे नेमकं काय केलं ते तपासायला हवं.

१. प्रोग्राम खरोखर बंद झाला का? खाली उजवीकडे घड्याळाजवळच्या बाणावर क्लिक करा. डाउनलोड मॅनेजर, व्हॉट्सअ‍ॅप, सिंक करणारे प्रोग्राम खिडकी बंद केली तरी तिथे जागे असतात.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. एक्सेल किंवा वर्डची खिडकी गेलेली असते, पण 'बॅकग्राउंड प्रोसेसेस'मध्ये त्याचं नाव राहिलेलं असतं. प्रोग्राम मधेच अडकून पडल्यावर हे हमखास होतं. तिथे राहिलेलं नाव निवडून 'एंड टास्क' करा.

३. फाइल एक्सप्लोररचं प्रीव्ह्यू पेन बंद करा (ऑल्ट आणि पी). फाइलवर एकदा क्लिक केलं तरी पीडीएफ किंवा व्हिडिओ या पेनमध्ये उघडतो, म्हणजे तुम्हीच ती फाइल धरून बसलेले असता. अर्धवट उतरलेल्या व्हिडिओंचा त्रास बहुतांशी इथूनच सुरू होतो.

४. फोल्डर डिलीट होत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलची खिडकी त्याच फोल्डरमध्ये उभी आहे का ते बघा. आत एकही फाइल नसलेला फोल्डरसुद्धा यामुळे अडून राहतो.

५. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक थोडा वेळ 'पॉझ' करा. सिंक होणाऱ्या फोल्डरमधली फाइल इथून गेली की सिंक पुन्हा सुरू झाल्यावर बाकी उपकरणांवरूनही जाते. हे माहीत असूनच पुढे जा.

तपासा: फाइलचं नाव बदलून बघा. बदललं गेलं तर लगेच डिलीट करा. फोल्डरचं नाव बदलत नसेल तर आतली एखादी फाइल कुणीतरी धरली आहे. ती कुठली हे कळत नसेल तर आतले फोल्डर एकेक करून डिलीट करा. जो अडेल त्यातच ती आहे. मग त्या फोल्डरमधल्या फाइली निम्म्या निम्म्या निवडून पुसत जा. हजारो फोटोंच्या फोल्डरमध्येही अडलेली एक फाइल दहा-बारा खेपांत सापडते.

## टप्पा ३: फाइल कुणी धरली आहे ते शोधा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त तोच वगळला जातो. धरणारा कोण ते कळेपर्यंत टास्क मॅनेजरमध्ये दिसेल ते बंद करू नका.

विंडोजमध्येच असलेलं साधन: रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये 'रेसमॉन' टाइप करून एंटर दाबा. 'सीपीयू' टॅबवर जा. खाली 'असोसिएटेड हँडल्स' असा पट्टा दिसेल (हँडल म्हणजे उघड्या फाइलवरची प्रोग्रामची पकड, तिला एक क्रमांक असतो). तो उघडून त्याच्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा एक भाग टाका. पूर्ण पत्ता टाकायची गरज नाही. थोड्या वेळानं यादी येते. त्यात पहिल्या रकान्यात प्रोग्रामचं नाव असतं आणि शेवटी फाइलचा पूर्ण पत्ता. पत्ता नक्की जुळवून बघा, कारण एकाच नावाच्या फाइली चार ठिकाणी असू शकतात आणि भलताच प्रोग्राम बंद केला जातो.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज, म्हणजे छोट्या साधनांचा संच. यातलं 'फाइल लॉकस्मिथ' मला रोजच्या वापरासाठी सगळ्यात सोपं वाटतं. फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करून ते निवडलं की धरणाऱ्यांची यादी येते. यादी रिकामी आली तर 'रीस्टार्ट अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून पुन्हा बघा. दुसऱ्या यूजरनं किंवा विंडोजच्या सेवेनं (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामनं) धरलेलं अ‍ॅडमिन झाल्याशिवाय दिसत नाही.

प्रोसेस एक्सप्लोरर. हेही मायक्रोसॉफ्टचंच, सिसइंटर्नल्स संचातलं. कंट्रोल आणि एफ दाबून नाव शोधा. रिसोर्स मॉनिटरचा हँडल-शोध उघडलेल्या फाइली दाखवतो, पण प्रोग्रामनं स्वतःच्या पोटात चढवलेली डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडची जोडफाइल) त्यात सापडत नाही. प्रोसेस एक्सप्लोरर दोन्ही शोधतं. एखादं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावर त्याचा फोल्डर एका डीएलएलपायी मागे उरतो, तेव्हा याचाच उपयोग होतो.

ही साधनं मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या. 'फ्री अनलॉकर' म्हणून शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. माझ्या टेबलावर अशी मशीन आली आहेत की मूळची अडलेली फाइल तशीच, आणि वर ब्राउझरमध्ये नकोसे प्रोग्राम ठाण मांडून बसलेले.

## टप्पा ४: धरणाऱ्याला फाइल सोडायला लावा

नाव सापडलं की ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा.

नेहमीचा प्रोग्राम असेल तर आधी त्याच्या स्वतःच्या मेनूतून बंद करा. प्रतिसाद देत नसेल तरच 'एंड टास्क'.

'विंडोज एक्सप्लोरर' असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ते निवडून 'रीस्टार्ट' करा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो, घाबरू नका. 'कॉम सरोगेट' असेल तर बहुधा फोटो-व्हिडिओंची छोटी चित्रं बनवण्याचं काम अडकलं आहे. तो बंद करायला हरकत नाही.

अँटिव्हायरस असेल तर वाट बघा. मोठी झिप फाइल तपासायला वेळ लागतो. अँटिव्हायरस बंद करून फाइल पुसण्याची घाई करू नका. ती फाइल संशयास्पद असेल तर त्यालाच ती काढू द्या.

'सर्व्हिस होस्ट' असेल तर तो मारू नका. त्याच्या आड विंडोजची एखादी सेवा असते. स्टार्टमधून 'सर्व्हिसेस' उघडा, नेमकी सेवा 'स्टॉप' करा, फाइल काढा आणि सेवा पुन्हा 'स्टार्ट' करा.

सावधान: 'सीएसआरएसएस', 'विनइनिट', 'एलएसएएसएस' ही नावं दिसली तर हात लावू नका. ती बंद केली की विंडोज तिथल्या तिथे कोसळते किंवा रीस्टार्ट होते.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये 'क्लोज हँडल' असा पर्याय आहे. त्यानं प्रोग्राम चालू ठेवून फक्त फाइल त्याच्याकडून काढून घेता येते. ऐकायला हे छान वाटतं, पण त्या प्रोग्रामला आपल्या हातातली फाइल गेल्याचं कळतच नाही. तो हँडलच्या त्याच क्रमांकावर लिहायला जातो, तोवर तिथे त्याचीच दुसरी फाइल आलेली असू शकते, आणि मजकूर भलतीकडे पडतो. हिशेबाच्या किंवा डेटाबेसच्या प्रोग्रामवर हा पर्याय कधीही वापरू नका.

## टप्पा ५: रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे

'मी बंद करून चालू केला तरी तेच' असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो: शटडाउन केलं होतं की रीस्टार्ट? फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचं बरंच काही, डिस्कवर जसंच्या तसं साठवलं जातं आणि चालू करताना तेच परत येतं. 'रीस्टार्ट' केलं की सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

रीस्टार्ट झाल्यावर दुसरं काहीही न उघडता थेट त्या फाइलकडे जा आणि ती डिलीट करा. चालू होतानाच कुणी ती धरत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये त्या प्रोग्रामला 'डिसेबल' करून पुन्हा रीस्टार्ट करा.

पॉवरचं बटण दाबून धरणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. त्या क्षणी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका फोटोग्राफरची बाहेरची डिस्क मी अशीच हाताळली आहे. काढायची होती एक फाइल, आणि उघडेनासा झाला शेजारचा संपूर्ण फोल्डर.

## टप्पा ६: सेफ मोड

इथवर येऊनही फाइल सुटत नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असं जा आणि यादी आली की ४ दाबा. विंडोज मोजक्या ड्रायव्हरनिशी उघडते, बाहेरचे बहुतेक प्रोग्राम चालू होत नाहीत. फाइल काढा आणि नेहमीप्रमाणे रीस्टार्ट करा.

जाण्याआधी तपासा: बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तोही आठवतो आहे ना ते बघा.

## वारंवार येणारी तीन ठिकाणं

अडकलेली प्रिंट. सेवा केंद्रांतून सर्वाधिक फोन याचेच. रांगेतली प्रिंट 'डिलीटिंग' म्हणून अडून बसते. 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) स्टॉप करा. मग 'सी' ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली पुसा. प्रिंटर्स हा फोल्डर मात्र पुसू नका. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. क्रम उलटा केला, म्हणजे स्पूलर चालू असताना फाइली पुसायला गेलात, तर त्या 'इन यूज'च दिसणार.

फाँट. डीटीपी करणाऱ्यांकडे मराठीच्या जुन्या फाँटांच्या शेकडो फाइली साठतात. त्या काढायला गेलं की 'वापरात आहे' म्हणून पाटी येते. कोरलड्रॉ, पेजमेकर, फोटोशॉप, वर्ड हे सगळं बंद करा, साइन आउट करून परत या आणि काहीही न उघडता फाँट काढा. तरी अडला तर 'विंडोज फाँट कॅश सर्व्हिस' थांबवून काढा, आणि नंतर ती सेवा चालू करायला विसरू नका. जुनी कामं ज्या फाँटमध्ये आहेत त्याची प्रत आधी बाजूला ठेवा, नाहीतर ती फाइल उद्या उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. 'निर्मला यूआय'ला हात लावू नका. विंडोज स्वतः देवनागरी दाखवायला तोच फाँट वापरते.

नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर. दुकानातल्या मुख्य मशीनवर टॅलीचा किंवा बिलांचा फोल्डर असतो आणि तो काउंटरवरच्या मशीननं उघडलेला असतो. मुख्य मशीनवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, 'शेअर्ड फोल्डर्स', मग 'ओपन फाइल्स'. कुठल्या यूजरनं कुठली फाइल उघडली आहे ते तिथे दिसतं. 'क्लोज ओपन फाइल' करण्याआधी त्या माणसाला फोन करून काम सेव्ह करून बाहेर पडायला सांगा. बिल करता करता खालून फाइल काढून घेतली तर डेटा बिघडू शकतो.

## कुणी धरलेलीच नसते तेव्हा

नावात दोष. नावाच्या शेवटी मोकळी जागा किंवा टिंब असेल तर एक्सप्लोरर गोंधळतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ ही चिन्हं जोडली की विंडोज नाव जसंच्या तसं घेते, शेवटचं टिंब गाळत नाही. उदाहरणार्थ: डेल "\\?\डी:\जुने\पत्र." फोल्डर असेल तर 'डेल'च्या जागी 'आरडी /एस'. एंटर दाबण्याआधी पत्ता दोनदा वाचा.

लांब पत्ता. फोल्डरात फोल्डर होत गेले की पत्ता २६० अक्षरांची मर्यादा ओलांडतो. वरच्या फोल्डरांची नावं बदलून एका अक्षराची करा. पत्ता आखूड झाला की फाइल साधेपणानं निघते.

परवानगी. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली की हे होतं, कारण फाइली अजून जुन्या यूजरच्या नावावर असतात. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे 'ओनर' बदलून स्वतःचं खातं द्या, मग त्याला 'फुल कंट्रोल' द्या. हे फक्त त्या फोल्डरपुरतं करा, चालू विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवर सरसकट कधीही नाही.

डिस्क. धरणारा सापडत नाही आणि डिलीट करताना मशीन मिनिटभर गोठतं, तर डिस्कवर संशय घ्या. आधी बाकीचा डेटा दुसरीकडे हलवा, नंतर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या 'टूल्स'मधून 'चेक' चालवा. मेमरी कार्ड असेल तर त्याच्या बाजूची छोटी लॉकची पट्टी तपासा.

## डिलीट झाली, पण परत आली?

एफ५ दाबून फोल्डर ताजा करा आणि एकदा रीस्टार्ट करून बघा. फाइल तरीही परत दिसली तर तिच्यावरची तारीख आणि वेळ वाचा. वेळ आत्ताची असेल तर एखादा प्रोग्राम ती नव्यानं बनवतो आहे. टप्पा ३ मधून त्याला शोधा आणि त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ती फाइल बनणं बंद करा. तारीख जुनीच असेल तर ती सिंकमधून खाली उतरली आहे. ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह उघडून तिथून ती काढा आणि तिथला कचराडबाही बघा, कारण फाइल चुकून गेली असेल तर काही दिवस ती त्यातूनच परत मिळते.